उत्तरेकडची खोली

३ डिसेंबर

प्रिय माऊ,

अनेक आशीर्वाद. सहा महिन्यांनीच मोठी आहे, पण ताई म्हणवून घेतलंय तर आशीर्वादही दिले पाहिजेत. मी आणि वकीलबाई इकडे बऱ्या आहोत. तुम्ही सगळे मजेत असाल असं यापुढे लिहायचं असतं, पण मावशीने फोनवर सगळं सांगितलंय, तेव्हा ते वाक्य गाळते.

माझा फोन तू उचलत नाहीस. बरं. पत्र फाडायच्या आधी निदान एकदा वाचशील, एवढी तुला ओळखते.

इकडची खबर म्हणशील तर घरमालकांनी एकदाचा टाकीचा नळ बदलला. त्यासाठी वकीलबाई त्यांच्या घड्याळाच्या दुकानात जाऊन पाऊण तास भांडली. ते डोळ्यावरचं भिंग न काढताच तिच्याकडे बघत होते म्हणे, आणि शेवटी म्हणाले, "बाई, तुम्ही वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला असताना ही तऱ्हा, पास झालात की मी घरच विकतो." आम्ही खूप हसलो. तू असतीस तर त्यांची नक्कल करून दाखवली असतीस.

तुझी खोली रिकामीच आहे. वकीलबाईने तिथे दोरी बांधलीय. दोन तासांत चादरीसुद्धा कडकडीत वाळतात. फरशीवरचे तुझ्या रंगांचे ठिपके मात्र निघत नाहीत. मी ब्लेडने खरवडून पाहिलं, नाही निघाले.

आता मुद्द्याचं बोलते. मावशी म्हणाली की तुझ्या फेरपरीक्षेच्या फॉर्मवर पालकांची सही लागते, वीस तारीख शेवटची आहे आणि काका सही करायला तयार नाहीत. "जी मुलगी बहिणीच्या खोलीचं कुलूप तोडते तिला परत घराबाहेर ठेवायची नाही," असं म्हणाले. फॉर्म चुकला तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की काका तुला परत पाठवणार नाहीत, हे मलाही कळतं. मावशी रडत होती. म्हणाली, "तू त्यांना एक शब्द टाक गं. तुझं ते ऐकतात."

टाकीन की. पण माऊ, मलाही काहीतरी वाटत असेल की नाही?

घर कुणी शोधलं? तू मे महिन्यात तुमच्या चित्रकलेच्या शिबिराला गेली होतीस, वकीलबाई आजोळी लोळत होती, आणि मी एकटी उन्हात वणवण करत अकरा घरं पाहिली. एका घरात मोरीच नव्हती, एका घरात मालकीणबाई जिन्यात बसून आल्यागेल्याची नोंद ठेवायच्या. हे बारावं. तीन खोल्या, प्रत्येकीला स्वतःचं दार. टेप घेऊन मी एकटीने मापं घेतली, रीतसर नकाशा काढला आणि तुम्हा दोघींना पोस्टाने पाठवला. आर्किटेक्चरला असल्याचा एवढा तरी उपयोग. त्या नकाशावरून तू तुझी खोली निवडलीस. मागची. माझ्यावर कुणी ढकलू नये म्हणून पुन्हा लिहिते, तू निवडलीस. "मला उत्तरेची खिडकी हवी, चित्राला दिवसभर सारखा उजेड लागतो, बाकी तुम्ही काहीही घ्या," हे तुझेच शब्द. वकीलबाईने दाराजवळची मधली घेतली. उरलेली, बाल्कनीची, माझ्या वाट्याला आली. वकीलबाईने नकाशाच्या पाठीवरच करार लिहिला, वर्षभर खोल्या बदलायच्या नाहीत, आणि आपण तिघींनी हसत हसत सह्या ठोकल्या.

नकाशात दिशा उलटी पडली, हे खरं. होकायंत्राच्या सुईचं कुठलं टोक उत्तरेचं, यात माझी गफलत झाली. कॉलेजचं जुनं होकायंत्र, रंग उडालेली सुई. माणूस आहे, चुकते. सप्टेंबरात वकीलबाईने फोन तुझ्या खिडकीत ठेवून दिशा बघितली आणि ती दक्षिण निघाली, तेव्हा मी तिथल्या तिथे चूक कबूल केली होती. मी कानावर हात ठेवले नाहीत. मग पुढे काय? लगेच "ताई, खोली बदल." माझं ड्रॉइंगचं टेबल बाल्कनीच्या दारातून आत आणायला दोन माणसं लागली होती. माझ्या सबमिशनला नऊ दिवस होते. परीक्षेत तुझी बारा चित्रं नापास झाल्याचं दुःख मला कळत होतं गं, पण एवढ्यासाठी मी घर उलटंपालटं करायचं?

आणि तू एक विसरतेस. ऑगस्टमध्ये तुला सारखं वाटायचं की आपल्याला रंग नीट दिसत नाहीत, सकाळी लावलेला निळा दुपारी हिरवट दिसतो, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे तुला कुणी नेलं? मीच. रांगेत दोन तास तुझ्याबरोबर बसले होते.

त्या बदल्यात तू काय केलंस? मी कॉलेजात असताना माझ्या खोलीत इझल मांडायला लागलीस. उशीला टर्पेंटाइनचा वास, गादीवर चिंध्या. म्हणून कुलूप लावलं. तर ऑक्टोबरात एक दिवस तू कोयंडाच उचकटलास, तोही रंग कालवायच्या सुरीने. आत चित्र काढलंस ते काढलंस, वर माझी ड्रॉइंगची शीट खराब केलीस. कॉलेजात पहिली आलेली शीट, माऊ. मी त्या क्षणी काकांना फोन लावला नसता तर काय केलं असतं? वकीलबाईसुद्धा म्हणाली की कुलूप तोडणं म्हणजे अति झालं.

दुसऱ्या दिवशी काका टेम्पो घेऊन आले. तू इझल काखेत मारून जिना उतरलीस. साधं 'येते' म्हणाली नाहीस.

तर मी काय म्हणते ते ऐक. तू मला दोन ओळींचं माफीचं पत्र लिही, कुलपाबद्दल आणि शीटबद्दल. ते मी काकांना दाखवीन, म्हणेन की झालं गेलं मिटलं. ते सही करतील. दोन ओळी लिहिल्याने तुझा हात झिजणार नाही. वीस तारीख डोक्यात ठेव.

मावशीला नमस्कार.

तुझी
ताई


१४ डिसेंबर

प्रिय माऊ,

पाकीट मिळालं.

दारातच उघडलं. माफीचं पत्र आलं म्हणून वकीलबाईपण शेजारी येऊन उभी राहिली. आतून नकाशा निघाला. चार घड्या, मागे आपल्या तिघींच्या सह्या, आणि दुसरी एक ओळ नाही. वकीलबाई म्हणाली, "हा कशाला पाठवला हिने?" मी म्हटलं, "कोण जाणे. डोकं फिरलंय तिचं." असं बोलून मी खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

तुझ्यासमोर तरी आता साळसूदपणा करून उपयोग नाही. तुला माहीत आहे हे मला ऑक्टोबरपासून माहीत आहे. तुला माहीत आहे हे मला माहीत आहे, हेही तुला माहीत असेल. तरी मी मागच्या पत्रात तुझ्याकडून माफी मागवली. आता ते आठवलं की मलाच माझी किळस येते.

सरळ लिहिते. मी तुझ्यावर जी शीट खराब केल्याचा आळ घेतला, ती आपल्या याच घराची. मापं घेतल्यावर मी दोन नकाशे काढले. पहिला कॉलेजसाठी, 'राहत्या घराचं मोजमाप' या विषयाचा. कोपऱ्यात तारीख, २८ मे. त्यावर उत्तरेचा बाण बरोबर आहे, बाल्कनीच्या खोलीकडे तोंड करून. आमचे सर प्रत्येक घरी होकायंत्र घेऊन तपासायला जातात, तिथे चुकून चालत नाही. दुसरा नकाशा तुम्हा दोघींसाठी, पाच दिवसांनी. त्यावर बाण उलटा आहे. होकायंत्राची सुई चांगली लालभडक आहे, रंगबिंग काही उडालेला नाही.

शीट मी माझ्या खोलीत दारामागे लावली होती. पहिली आले होते, फाडवेना, आणि वर्षअखेरीस फाइलला जोडायची होती. कुलूप टर्पेंटाइनच्या वासासाठी नव्हतं गं. तू दारामागे बघशील म्हणून होतं.

आणि तू बघितलंस. मी संध्याकाळी घरी आले तेव्हा कोयंडा लोंबकळत होता आणि तू निघून गेली होतीस, कुठल्यातरी बागेत बसली होतीस असं वकीलबाई नंतर म्हणाली. माझी कपाटं, टेबल, पुस्तकं, कशालाही हात लावलेला नव्हता. शीटसुद्धा फाडली नव्हतीस. फक्त कोपऱ्यातला बाण टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसून टाकला होतास. एवढासा तेलकट डाग, बाकी एक रेघ हललेली नव्हती. ते बघून मी काय केलं, तर तू घरी यायच्या आत काकांना फोन लावला. तू बोलण्याआधी मला बोलायचं होतं. "काका, तिने कुलूप तोडलं, माझं काम नासवलं, मला तिची भीती वाटते," असं म्हणाले मी. भीती वाटते, हे वाक्य मी मुद्दाम घातलं. खरंच वाटत होती, पण काकांना वाटली तशी नाही.

तू काकांना का सांगितलं नाहीस? टेम्पोत त्यांच्या शेजारी पाच तास बसली होतीस. मी रोज वाट बघायचे, आज फोन येईल, उद्या येईल. तू मूग गिळून बसलीस. आधी मला वाटलं, तुला दया आली. आता नकाशा आल्यावर कळलं की दया नाही. तू म्हणतेस, तुझं तू सांग.

मुद्दाम का केलं ते ऐक, मग काय वाटायचं ते वाटून घे.

मी आठ वर्षांची असताना आई गेली, बाबांची नोकरी फिरतीची, म्हणून मी तुमच्याकडे आले. अकरा वर्षं राहिले. मावशीने तुझ्यात-माझ्यात कपड्याचा, खाण्याचा तिळमात्र फरक केला नाही, हे मी कुणापुढेही शपथेवर सांगेन. पण तुला खोली होती आणि मला बैठकीतला दिवाण होता. पाहुणे आले की दिवाण पाहुण्यांचा, मग मी स्वयंपाकघरात. काकांच्या बातम्या संपेपर्यंत मी झोपू शकायचे नाही. माझे कपडे तुझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात, माझी पुस्तकं टीव्हीखाली. तेराव्या वर्षी कपडे बदलायला मी मोरीत जायचे आणि बाहेरून कुणीतरी कडी वाजवायचं. तू एकदा म्हणाली होतीस, "बाबा, ताईला माझ्या खोलीत झोपू दे ना." काका म्हणाले, "नको, दोघी रात्रभर खिदळत बसाल." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हिचं काही म्हणणं नसतं. शहाणी आहे. हिने कधी काही मागितलंय का?" मी शहाण्यासारखं हसले. नंतर मागायची सोयच उरली नाही.

ही बाल्कनीची खोली मी मे महिन्यात पाहिली आणि रिकाम्या फरशीवर बसून राहिले. घरमालक दारात किल्ल्या वाजवत उभे होते. मला कुणाचा हेवाबिवा वाटत नव्हता, फक्त ही खोली हवी होती. त्याच दिवशी तुझं शिबिरातून पत्र आलं. "ताई, उत्तरेची खोली असेल तर ती मला हं. तू देशीलच ना?"

देशीलच ना! तू प्रेमाने लिहिलंस, मला ठाऊक आहे. मी समोर बसून म्हटलं असतं, "माऊ, या वेळी मला दे," तर तू दिलीही असतीस, त्याच दिवशी. पण मग ती तू दिलेली झाली असती. काका, मावशी, शेजारीपाजारी, सगळ्यांनी म्हटलं असतं, बघा, माऊने ताईला आपली खोली दिली. अकरा वर्षं मी दिलेलंच वापरत होते. मला एकदा काहीतरी माझ्या वाट्याचं म्हणून यायला हवं होतं. नकाशा पूर्ण झाला होता, फक्त बाण राहिला होता. दोन सेंटीमीटरचा बाण. तो उलटा काढला आणि शाई वाळायच्या आत पाकिटात घालून टाकला, विचार बदलू नये म्हणून. शाई फिसकटलेली तुझ्या प्रतीवर दिसते. इतके दिवस ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर एक खोटं झाकायला दुसरं. जूनमध्ये सूर्य डोक्यावर, तुझ्या खोलीत ऊन येतच नव्हतं, नुसती खिडकीबाहेरच्या गॅरेजच्या पत्र्याची चमक. ऑगस्टमध्ये ऊन खिडकीत आलं. तू विचारलंस, "ताई, उत्तरेच्या खिडकीत ऊन कसं?" मी म्हटलं, पत्र्यावरून उलटून येतं. तू विश्वास ठेवलास. मी आर्किटेक्चरची, मला जास्त कळणार! तू नकाशाबद्दल शंका घेतली नाहीस, स्वतःच्या डोळ्यांबद्दल घेतलीस. वकीलबाईचं चित्र काढलंस ते कावीळ झाल्यासारखं दिसत होतं, आपण तिघी पोट धरून हसलो, आणि मग हसता हसता तू एकदम म्हणालीस, "मला रंग दिसेनासे झालेत वाटतं." डॉक्टरकडे रांगेत तू माझा हात घट्ट धरून बसली होतीस. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. तेव्हा तुझा चेहरा आणखीच पडला. म्हणजे डोळे नाहीत तर आपल्यातच काही नाही, असं तुला वाटलं. तुझ्या बारा चित्रांवर परीक्षकांनी लिहिलं, 'रंगांची समज कच्ची'. तो कागद तू मला दाखवलास. मी तुला जवळ घेतलं आणि तरी बोलले नाही.

सप्टेंबरात वकीलबाईने मला काय विचारलं होतं आठवतं? "मुद्दाम केलं असशील तर करार आत्ता रद्द. चुकून झालं असेल तर सही ती सही." करार याच विषयात तिला काठावर गुण आहेत, तिचा कायदा बरोबर की चूक देव जाणे. पण मी 'चुकून' म्हणाले आणि खोली माझी राहिली.

अजून एक, आणि ही सगळ्यात वाईट गोष्ट आहे. इतकं होऊन मला ही खोली अजून आवडते. सकाळी दार लावून बसते तेव्हा मला बरं वाटतं. तुझं नाव निघालं की वाटत नाही, पण बाकी वेळ वाटतं.

आता काय करायचं ते ठरवलंय. उद्याच काकांना फोन करते आणि सांगते की सगळी चूक माझी होती, दिशा माझ्यामुळे उलटी पडली, माऊला राग येणं साहजिक होतं. तेवढ्यावर ते सही करतील. फक्त 'मुद्दाम' हा एक शब्द आपल्या दोघींत राहू दे, माऊ. त्या घरात मला उभं राहायला तेवढीच जागा आहे. तुला सही मिळाल्याशी कारण. आणखी काही मागत नाही.

ताई


१६ डिसेंबर

ती. काकांना,
सा. न.

पत्राची तुम्हाला सवय नाही आणि मलाही तुम्हाला लिहायची नाही. प्रकृती ठीक असेल. मावशीच्या गुडघ्याचं दुखणं कमी झालं असेल अशी आशा आहे. पत्र कुरियरने पाठवते आहे, बुधवारी मिळेल. कृपया मावशीला आणि माऊला समोर बसवून मोठ्याने वाचा.

काल फोनवर मी तुम्हाला म्हटलं की नकाशातली चूक माझी होती, माऊच्या फॉर्मवर सही करा. तुम्ही काय म्हणालात ते मी लिहून ठेवलंय. "तुझं मन मोठं आहे. तिने एवढं केलं तरी तू तिची बाजू सावरतेस. पण कुलूप तिनेच तोडलं ना? मग विषय संपला. तिने तुझ्याकडून काहीतरी शिकायला हवं." आणि फोन ठेवलात. म्हणजे मी अर्धं खरं सांगून तिला आणखी खाली ढकललं आणि स्वतः आणखी वर चढले. त्यानंतर मी वकीलबाईला, म्हणजे आमच्या घरातल्या तिसऱ्या मुलीला, सगळं सांगितलं, कारण कुणाला तरी सांगून बघायचं होतं की तोंडातून शब्द निघतात की नाही. निघाले. तिने तिचं ताट उचललं आणि स्वतःच्या खोलीत जाऊन जेवली.

काका, चूक झाली नाही. मी फसवलं. माऊला चित्रासाठी उत्तरेच्या उजेडाची खोली हवी होती. ती खोली मला हवी होती. म्हणून मी नकाशावर उत्तरेचा बाण मुद्दाम उलटा काढला आणि तिला दक्षिणेची खोली घ्यायला लावली. तिचे रंग त्या उन्हाने बिघडले, तिच्यामुळे नाही. परीक्षकांनी तिला नापास केलं ते माझ्या बाणामुळे. तिने कुलूप तोडलं हे खरं आहे. आत तिला खरा नकाशा सापडला. तिने त्यावरचा बाण तेवढा पुसला आणि मला एका शब्दाने बोलली नाही. तुम्हाला तर नाहीच. तुम्ही पाच तास टेम्पोत तिला बोललात आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली, असं मावशीने सांगितलं. तिला ऐकावं लागलं ते सगळं खरं तर माझ्या वाट्याचं होतं. दोन्ही नकाशे सोबत जोडले आहेत. एकावर तेलाचा डाग आहे, तिथे बाण होता. तारखा बघा. वाटलं तर कुणालाही दाखवा.

तुमचे उपकार मी विसरलेले नाही. तुम्ही मला घर दिलंत, शिकवलंत. पण काका, आज लिहायला बसले आहे तर एवढंही लिहू द्या. मी कधी काही मागितलं नाही म्हणून तुम्ही मला शहाणी म्हणायचात. मला मागायचं होतं. रोज मागायचं होतं. तुम्ही कधी विचारलं नाहीत, आणि मी तुमच्या शाबासकीसाठी गप्प बसले. यात माझ्या पापाचा वाटा तुमच्यावर टाकत नाही, तो सगळा माझा आहे. फक्त तुम्ही माझा शब्द माऊच्या शब्दापेक्षा जड धरलात, तो कशाच्या जोरावर, याचा एकदा विचार करा. तिने आयुष्यात सगळं तोंडावर मागितलं आणि म्हणून ती तुम्हाला हट्टी वाटली. खोटं बोलणारी मी होते.

बाल्कनीच्या खोलीतून माझं सामान मी काल मागच्या खोलीत हलवलं. टेबल दारातून निघेना, ते तिथेच ठेवलंय, माऊला रंग ठेवायला होईल. आमच्या सरांनाही शीटवरच्या डागाची खरी गोष्ट सांगितली आहे. त्यांनी गुण काढून घेतले तर घेऊ देत.

फॉर्म मावशीकडे आहे, कपाटात साड्यांच्या खाली. सहीची जागा दुसऱ्या पानावर आहे. कॉलेजात तो शुक्रवारी, वीस तारखेला, संध्याकाळी पाचपर्यंत पोचला पाहिजे, त्यानंतर घेत नाहीत. मी चौकशी केली आहे.

माझ्यावर तुम्ही रागावाल. मला घरात पाऊल टाकू नकोस म्हणाल. तुमचा हक्क आहे, आणि मी त्यावर काही म्हणणार नाही. पण त्या रागाला उभं आयुष्य पडलंय, काका. सहीला शुक्रवार संध्याकाळपर्यंतच वेळ आहे. आधी सही करा.

मी तुमच्याकडे पहिल्यांदाच काहीतरी मागते आहे.

तुमची,
निदान हे पत्र वाचून होईपर्यंत